‘चार तासांत जाऊन येऊ’: खानापूरच्या रानात जाणाऱ्यांच्या त्याच त्या चुका

पावसाळा ओसरला की माझा फोन वाजायला लागतो. बेळगावातलं कुणीतरी पोरगं असतं. "काका, रविवारी जांबोटीच्या पुढं रानात चाललोय. बारा किलोमीटर दाखवतंय. चार तासांत जाऊन येतो न्हवं?"

येतोस बाबा, डांबरी रस्त्यावरनं असशील तर.

विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 साली एक आडाखा बांधला: ताशी 5 किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाला एक तास जादा. तो तिकडच्या उघड्या डोंगरांसाठी, धडधाकट माणसांसाठी होता. आपल्याकडं कारवीची दाट झुडपं बाजूला सारत, निसरड्या जांभ्यावरनं पाय जपत, मागं राहिलेल्या एकाची वाट बघत चालायचं असतं. मी ताशी 2 किलोमीटर धरतो. बारा किलोमीटर म्हणजे सहा तास, वर जेवणाचा एक. हसणारे हसतात. त्यांना डिसेंबरच्या सुरुवातीला इकडं सहाच्या सुमारास सूर्य मावळतो हे आठवत नाही, आणि झाडीत त्याच्या अर्धा-पाऊण तास आधीच पाय कुठं पडतोय ते दिसेनासं होतं हे ठाऊक नसतं. माझं ठरलेलं आहे: साडेबाराला जिथं असेन तिथनं मागं फिरायचं. माथा दहा मिनिटांवर असला तरी. यावरून माझी दोन मित्रांशी भांडणं झालीत. त्यातला एक अजून बोलत नाही.

पण माणसाला खरा अडकवतो तो ओढा.

काही वर्षांमागं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सातजण कणकुंबीच्या बाजूला गेलो होतो. सकाळी दहाला एक ओढा ओलांडला. पाणी घोट्यापर्यंत, एकानं बूटसुद्धा काढले नाहीत. दुपारी वरच्या अंगाला ढग काळे झाले, गडगडलं, पण आमच्यावर चार थेंब पडले असतील नसतील. चारला परत त्या ओढ्यावर आलो तर पाणी छातीएवढं, तांबडंलाल, आणि मधनं ओंडके वाहत चाललेले. आमच्यात नुकताच ट्रेकिंगला लागलेला एकजण होता. त्यानं पिशवीतनं दोर काढला. म्हणे, मी पोहून पलीकडं जातो, झाडाला बांधतो. त्याला मोबाईलवर बघून आलेलं ज्ञान होतं.

पलीकडच्या काठावर एक गवळी धनगर म्हशी घेऊन उभा होता. त्यानं दोन्ही हात वर करून हाळी दिली, "थांबा पावणं! वर पाऊस पडालाय. पानी उतरल्याबिगर पाय घालू नगासा." आणि तो तिथंच बसला, आमच्यावर नजर ठेवून. त्याला म्हशी घरी न्यायच्या होत्या, तरी बसला.

पाणी गुडघ्यापर्यंत यायला रात्रीचे नऊ वाजले. सातजणांत बॅटरी एकच.

या मुलखाची ठेवणच तशी आहे. कणकुंबीला पडलेला पाऊस मलप्रभेतनं पूर्वेला कृष्णेकडं जातो, आणि थोडं पलीकडं पडलेला म्हादईतनं गोव्याला. पाणलोटाच्या या धारेवर पाऊस मोकाट पडतो आणि उतार तीव्र, त्यामुळं वर कोसळलेलं पाणी बघता बघता खाली येतं. तुमच्या डोक्यावर ऊन असलं म्हणून ओढा शहाणा राहत नाही. पाणी गढूळ व्हायला लागलं, पालापाचोळा जादा यायला लागला, की काठ सोडून वर चढायचं. तेव्हापासनं मी सकाळीच काठावरच्या एका दगडाची खूण धरून ठेवतो. परतताना तो दगड बुडालेला असला तर बसकण. दोर मी नेतच नाही. दोर असला की माणसाला उगाच धीर येतो.

दुसरी गोष्ट वाटेची. गव्यांची वाट माणसाच्या वाटेपेक्षा रुंद आणि चांगली मळलेली असते. नवशिके खुशाल तिच्यावर चालत सुटतात आणि ती एखाद्या डबक्याशी नेऊन सोडते. सड्यावर, म्हणजे उघड्या जांभ्याच्या पठारावर, तर वाट उमटतच नाही. प्रत्येक फाट्यावर मागं वळून बघा, कारण परतताना तीच बाजू समोर येणार. मी तीन दगडांची लगोर रचतो आणि येताना मोडतो. मोबाईलला रेंज नसतेच, म्हणून नकाशा घरीच उतरवून घ्या. आणि त्यात दिसणारा ‘शॉर्टकट’? तो कड्यावरनं जातो.

परवानगी. खानापूरच्या रानातलं भीमगड 2011 पासनं अभयारण्य आहे. तिथल्या बारापेडे गुहांत ‘रॉटनची’ म्हणतात ती दुर्मिळ वटवाघळं राहतात, तिकडं तर पाऊलच नको. "गावातला माणूस ओळखीचा आहे" ही परवानगी नव्हे. आधी वनखात्याच्या रेंज ऑफिसात विचारा. पावसाळ्यात धबधब्यांच्या वाटा बंद असल्या तर बंद. रानातल्या बऱ्याच पाट्या कन्नडमध्ये असतात. वाचणारा एकजण बरोबर असू दे.

बस. संध्याकाळी गावात येणारी गाडी वस्तीची असते. ती रात्री तिथंच थांबते, सकाळी निघते. ती बघून "आली बघ गाडी" म्हणत उड्या मारणारे मी बघितलेत. जातानाच कंडक्टरला विचारून ठेवा.

सेंट मारून येऊ नका, आणि कड्याखाली सिगारेट नको. आग्या मोहोळ दोन्ही खपवून घेत नाही.

जळवांना मीठ पुरतं. पण जानेवारी ते मे या कोरड्या दिवसांत गोचिडांची भीती जास्त. माकडताप त्यांच्यामार्फतच पसरतो. तो पहिल्यांदा 1957 साली शिवमोग्ग्याच्या क्यासनूर जंगलात आढळला. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, पाचोळ्यात लोळू नका, घरी आल्यावर अंग तपासा. पुढच्या दहा-पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आपणहून सांगा.

जीन्स नको. माणशी तीन लिटर पाणी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. कुंदा, म्हणजे आपली बेळगावची मिठाई, न्यायचा तर न्या, पण उन्हात तहान लावतो.

आणि माणशी एक बॅटरी. सकाळी निघताना मी सगळ्यांच्या पेटवून बघतो. ज्याच्याकडं नाही, तो एसटी स्टँडावरनंच घरी जातो.