जुन्या फोक्सवॅगन कॅम्परमध्ये 1600 सीसीचं इंजिन बसवताना
हॉर्सपॉवर नंतर बघा, आधी फ्लायव्हीलचे (इंजिनला जोडलेल्या जड दातेरी चाकाचे) दात मोजा. 6 व्होल्ट बॅटरीवाल्याला 109, 12 व्होल्टवाल्याला 130. स्टार्टर (इंजिन सुरू करणारी मोटर) त्याच जोडीचा नसेल तर दात खरवडले जातात. सेकंडहँड इंजिन घेताना पुली (पट्टा फिरवणारं चाक) धरून पुढेमागे हलवा. टकटक जाणवली तर सरळ सोडून द्या. घेतलंत तर क्रँकशाफ्टचा (इंजिनच्या मुख्य दांड्याचा) एंड-प्ले, म्हणजे पुढेमागे सरकण्याची मोकळीक, डायल गेजवर 0.07 ते 0.13 मिमी हवा; ती जुळवायच्या पातळ चकत्या, म्हणजे शिम, तीनच.

इंजिनभोवतीचे पत्रे आणि रबरी सील मात्र एकही गाळू नका. मेकॅनिक 'चालतंय हो' म्हणतो, पण फट राहिली की खालची तापलेली हवा पंखा पुन्हा आत ओढतो. मग सायनच्या ट्रॅफिकमध्ये, मे महिन्यात, तेल तापून पातळ होतं आणि ऑइलचा दिवा लुकलुकतो. इंजिन नंबर बदलणार, तेव्हा आरटीओची परवानगी आधीच काढा.