अ‍ॅम्ब्युलन्सचा क्रू लाइव्ह मॉनिटर वापरत नाहीये? आधी हे तपासा

पेशंटचा ईसीजी, ऑक्सिजन, बीपी गाडीतूनच हॉस्पिटलच्या स्क्रीनवर पाठवणारं मशीन घेणं सोपं आहे, क्रूने ते रोज लावणं अवघड. "स्टाफला टेक्नॉलॉजी नकोच असते" हे मॅनेजमेंटचं आवडतं वाक्य, पण हाच स्टाफ मोबाइलवर मॅप लावून धारावीच्या गल्ल्यांत पत्ते शोधतो, त्यामुळे ते कारण सोडा.

पहिलं बघा, पलीकडे कोण बसलंय. क्रूने धावपळीत ईसीजी पाठवला आणि कॅज्युअल्टीत पोचल्यावर आरएमओने, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरने, विचारलं "ईसीजी काढलाय का?", की पुढच्या केसला मशीन बॅगेतच राहणार. प्रत्येक शिफ्टला एक माणूस ठरवा, त्याने लगेच उलट कळवायचं, "मिळाला, कॅथलॅबला (अँजिओप्लास्टी करतात तिथे) सांगितलंय" एवढं पुरे. हार्ट अटॅकचा संशय असेल तर पहिल्या 10 मिनिटांत ईसीजी हवा असं गाइडलाइन्स सांगतात, आणि तो आधी पोचला तर पुढची तयारी पेशंट यायच्या आत होते. पेशंटचं नंतर काय झालं तेही क्रूला कळवा, हे कोणीच करत नाही.

ट्रेनिंग एसी हॉलमध्ये नको, चालत्या गाडीत घ्या, मुंबईच्या एलबीएस रोडवर. मे महिन्यात घामाने इलेक्ट्रोड चिकटतच नाहीत, छाती गॉजने कोरडी करायची, केस जास्त असतील तर रेझर लागतो, तो किटमध्ये आहे का बघा. खड्ड्यांत ईसीजीची रेघ नाचते, म्हणून 12 लीडचा, म्हणजे छाती-हातापायांना इलेक्ट्रोड लावून काढलेला पूर्ण ईसीजी गाडी हलायच्या आधीच. नेलपॉलिश किंवा थंड पडलेल्या बोटांमुळे ऑक्सिजनचा आकडा फसवू शकतो. लिफ्ट, बेसमेंटमध्ये रेंज जाणारच, तेव्हा डेटा साठवून नंतर आपोआप पाठवणारंच मशीन मागा.

तेच आकडे कागदावरही आणि टॅबवरही लिहायला लावत असाल तर एक बंद करा, बाकी सगळं नंतर.

सरकारी 108 च्या गाडीत पायलटबरोबर (म्हणजे ड्रायव्हरबरोबर) डॉक्टर असतो, पण बऱ्याच प्रायव्हेट गाड्यांत ड्रायव्हर आणि एक हेल्परच, मग मशीन लावणार कोण हे आधी ठरवा. रीडिंग दाखवून मेमो देणार नाही हे लेखी द्या, नाहीतर मशीन म्हणजे सीसीटीव्हीच वाटतो. लोक नवं तंत्रज्ञान का वापरतात यावरचं संशोधक वेंकटेश आणि सहकाऱ्यांचं 2003 चं मॉडेलही हेच म्हणतं की फायदा, सोपेपणा, आजूबाजूच्यांचं मत आणि सोयी बघून माणूस नवीन गोष्ट वापरतो. म्हणून पहिलं मशीन ज्याचं सगळे ऐकतात त्या सिनियर पायलटच्या गाडीत ठेवा, आणि त्या गाडीतला चार्जिंग पॉइंट चालतोय का ते स्वतः जाऊन बघा.