थंडीत जुना इंटरनॅशनल बी-२७५ चालू कसा करावा

हुरड्याचे दिवस आले की आमच्या मोहोळकडं एकच रड ऐकू येते, "गारठ्यानं ट्रॅक्टर चालू होईना." कसला गारठा? सोलापुरात पारा दहा-बाराच्या खाली जातो कधीमधी. बी-२७५ हा ट्रॅक्टर मूळचा इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डचा. महिंद्रानं १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी केली आणि तो इकडं आला. तिकडच्या हिवाळ्यात चालू व्हायचं ते इंजिन सोलापुरात अडत असेल, तर दोष हवामानाचा नाही.

आधी सेल्फ (स्टार्टर) मारा आणि सायलेन्सरकडं बघा. पांढरा धूर निघतोय म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही. धूरच नाही म्हणजे डिझेल पोचत नाही.

धूर नसेल तर इंजिन बंद करायची दोरी ओढलेली राहिलीय का ते पाहा. हसू नका, माझा यात एकदा तास गेलाय. दोरी ठीक असेल तर फिल्टरवरचा बोल्ट सैल करून फेस थांबेपर्यंत हातपंप मारा, एअर निघेल.

इंजिन रेंगाळत फिरत असेल तर बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थची पट्टी घासा. ऑइलही बघा. इथं उन्हाळा चाळिशीच्या पुढं जातो, म्हणून आणि धूर लपवायला म्हणून लोक घट्ट ऑइल ओततात. तेच पहाटे सेल्फचा जीव काढतं.

आता पांढऱ्या धुराचं. इथं बहुतेकांची वाट चुकते, माझीही चुकली होती.

या इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर पडत नाही, हेडमधल्या छोट्या चेंबरात पडतं. दाबानं तापलेल्या हवेची ऊब त्या चेंबरच्या गार भिंतीच पिऊन टाकतात. म्हणून प्रत्येक सिलिंडरला हीटर प्लग दिलाय, आणि बारा अंशांतही तो लागतोच. "आमच्याला नाही लागत हीटर" असं सांगणाऱ्याकडं २७५ डीआय असतो. डीआय म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन, ते इंजिनच वेगळं. त्याचा सल्ला त्याच्याकडंच राहू द्या.

जुन्या बी-२७५ चे प्लग दोन टोकांचे असतात आणि चारही एकाच ओळीत जोडलेले, गणपतीच्या जुन्या माळेसारखे. एक गेला की चारही गार. डॅशबोर्डवर जाळीमागं एक तार असते, तिच्यावरून निदान करायचं. हीटरचा स्विच दाबून धरल्यावर ती हळूहळू लाल झाली तर सगळं ठीक. लालच झाली नाही तर ओळ कुठंतरी तुटलीय. आणि दाबल्या दाबल्या भगभगीत पेटली तर खूश होऊ नका. कुठल्यातरी प्लगचं टोक काजळीतून बॉडीला टेकलंय, करंट तिथूनच अर्थ होतोय आणि पुढचे प्लग कोरडेच आहेत. ही दुसरी खूण मला कुणी सांगितली नव्हती. तार झकास पेटते म्हणून एक अख्खा हिवाळा मी नोझल, म्हणजे डिझेल फवारणारी तोटी, बदलत बसलो.

प्लग तपासताना एक गोष्ट अजिबात करू नका: सुट्या प्लगला बॅटरीचे बारा व्होल्ट थेट लावू नका. ओळीत असताना एकेकाच्या वाट्याला जेमतेम दोन व्होल्ट येतात. मी लावले, टचकन उजेड झाला आणि तार वितळली. मग खात्री करायला दुसरा लावला. तोही गेला. घरात त्या दिवशी माझ्याशी कुणी बोललं नाही.

बरोबर रीत अशी: बॅटरीच्या एका टोकाला ब्रेक लाइटचा बल्ब जोडा, बल्बचं दुसरं टोक प्लगच्या एका टोकाला, प्लगचं उरलेलं टोक बॅटरीला. बल्ब पेटला तर तार शाबूत. मग एक वायर प्लगच्या टोकावरून काढून त्याच्या बॉडीला लावा. आता बल्ब पेटता कामा नये. पेटला तर काजळी साफ करा, नाही जमलं तर प्लग बदला. दुकानदार एका टोकाचा बारा व्होल्टचा प्लग "चालतंय की" म्हणून देईल. तो या ओळीत चालत नाही. वाद घालू नका, दुकान बदला.

प्लग बसवल्यावर तीस ते साठ सेकंद हीटर, क्लच दाबलेला, मग सेल्फ. दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नका. मध्ये मिनिटभर थांबा.

एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरणारे महाभाग अजून गावोगाव आहेत. त्या क्लीनरच्या बुडात ऑइल असतं, हे त्यांना दिसत नाही का? ईथरचा स्प्रेही नको. तापलेल्या प्लगवर ईथर गेलं की ते आपल्या वेळेला फुटतं, इंजिनाच्या नाही, आणि रिंगा तुटतात.

चालू झाल्यावर लगेच रेस करू नका. पाच मिनिटांनंतरही धूर पांढराच असेल आणि इंजिन अडखळत असेल, तर नोझलच्या पाइपांचे नट एकेक करून जरासे सैल करा, पण हात फवाऱ्यासमोर धरू नका. जो सैल केल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाहीये. त्याचं नोझल काढून तपासून घ्या. तेही चांगलं निघालं तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलंय, हेड उघडायची तयारी ठेवा.