ग्लूटेन सोडण्याआधी आणि सोडल्यानंतर : या चुका टाळा

सिलियाक आजाराचे निदान होऊन मला बारा वर्षे झाली. या काळात ज्या नव्या रुग्णांशी माझे बोलणे झाले, त्यांपैकी बहुतेकांनी त्याच दोन-तीन चुका केलेल्या मला दिसल्या. या चुका अज्ञानापेक्षा घाईमुळे अधिक होतात. पोटाला बरे वाटले म्हणजे आजार आटोक्यात आला, आणि पोट बिघडले नाही म्हणजे ग्लूटेन पोटात गेलेच नाही, हा समज त्यांच्या मुळाशी असतो. या आजारात तोच समज सर्वांत महागात पडतो, कारण आतड्याचे नुकसान आणि रुग्णाला जाणवणारा त्रास यांचा मेळ बसेलच असे नाही.

तपासणीआधीच गहू सोडणे

माझ्या मते ही सर्वांत मोठी चूक आहे. सिलियाक ही गव्हाची ॲलर्जी नव्हे आणि साधे अपचनही नव्हे. गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लूटेन ही प्रथिने आतड्यात पोहोचली की रुग्णाची प्रतिकारयंत्रणा त्याच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते, आणि अन्नरस शोषून घेणारे बोटांसारखे बारीक रसांकुर हळूहळू झिजून सपाट होतात. निदानासाठी रक्तातील टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेजविरोधी प्रतिपिंडे मोजली जातात आणि बहुतेक प्रौढांच्या बाबतीत दुर्बिणीतून अस्तराचे नमुने घेऊन तेही पाहिले जातात. या दोन्ही तपासण्यांत शोधला जातो तो ग्लूटेनमुळे चालू असलेला बिघाड. ज्याने ग्लूटेन खाणेच थांबवले आहे, त्याची प्रतिपिंडे उतरू लागतात, अस्तर भरून येऊ लागते, आणि खरा आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो.

मी नेमके हेच केले होते. सततचा थकवा, पोटफुगी आणि गोळ्या घेऊनही न वाढणारे रक्तातील लोह यांना कंटाळून मी कोणालाही न विचारता गहू बंद केला. तीन आठवड्यांत पोट हलके झाले आणि उत्तर सापडल्याची माझी खात्री पटली. चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी सिलियाकची रक्ततपासणी सांगितली, तेव्हा गहू सोडल्याचे त्यांना सांगावे हे मला सुचले नाही, आणि त्यांनीही ते विचारले नाही. अहवाल निर्दोष आला. आपल्याला फक्त गहू जरासा जड जातो, अशी समजूत करून घेऊन पुढची दोन वर्षे मी अधूनमधून ग्लूटेन खात राहिले. लोह काही वाढले नाही. अखेर दुसऱ्या डॉक्टरांनी सगळा इतिहास नीट ऐकून घेतला आणि तपासणीपूर्वी पुन्हा रोज ग्लूटेन खाण्यास सांगितले. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांत यासाठी किमान ६ आठवडे, दिवसातून एकाहून अधिक जेवणांत ग्लूटेन घ्यावे असे म्हटले आहे. ते आठवडे मी कसे काढले ते आठवले की आजही अंगावर काटा येतो. बायोप्सीत रसांकुर जवळजवळ सपाट झालेले आढळले. पहिल्याच वेळी तपासणी होईपर्यंत धीर धरला असता, तर ती दोन वर्षे आणि ते सहा आठवडे दोन्ही वाचले असते.

म्हणून कोणी सल्ला विचारला तर मी एकच सांगते : आधी रक्त द्या, मग गहू सोडा. तपासणी करताना रक्तातील एकूण आयजीएचे, म्हणजे नेहमीची चाचणी ज्या प्रकारची प्रतिपिंडे मोजते त्या प्रकाराचे, प्रमाणही मोजण्याची विनंती करावी, कारण सिलियाकच्या साधारण २ ते ३ टक्के रुग्णांत आयजीए मुळातच फार कमी असते आणि त्यांच्यात नेहमीची चाचणी फसवा दिलासा देते. ज्यांनी ग्लूटेन आधीच सोडले आहे त्यांनी स्वतःच्या मनाने पुन्हा सुरू न करता डॉक्टरांशी बोलावे. त्यांना जनुकीय चाचणीचा थोडा उपयोग होतो, कारण ती आहारावर अवलंबून नसते. डीक्यू२ आणि डीक्यू८ ही दोन्ही जनुके नसतील तर सिलियाक असण्याची शक्यता जवळजवळ संपते. मात्र जनुक आढळले म्हणजे आजार आहे असे नव्हे; सर्वसाधारण लोकसंख्येतही ही जनुके बऱ्याच जणांत असतात.

‘थोडेसे चालते’ आणि स्वयंपाकघरातील चाळणी

निदान झाल्यानंतरच्या चुकांत ही पहिली येते. गव्हाच्या पावाच्या एका तुकड्यात साधारण २ ग्रॅम ग्लूटेन असते, आणि सिलियाकच्या बहुतेक रुग्णांसाठी दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण सुरक्षित समजले जाते. म्हणजे त्या तुकड्याचा दोनशेवा भाग. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिल्यावर अस्तरात बिघाड दिसला होता. चमच्याला चिकटलेल्या पिठाकडे या आकड्यांच्या उजेडात पाहावे लागते.

पथ्य सुरू केल्याला वर्ष होत आले तेव्हा माझी प्रतिपिंडे बरीच उतरली होती, पण सामान्य मर्यादेच्या थोडी वर येऊन अडकली होती. मला कसलाही त्रास होत नव्हता. दोन आठवडे मी खाल्लेला प्रत्येक घास लिहून ठेवला. त्यात ग्लूटेन असलेला एकही पदार्थ निघाला नाही. आहारतज्ज्ञांनी ती वही बाजूला ठेवली आणि मला एका जेवणाची तयारी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायला लावली : कोणता डबा उघडता, कशावर चिरता, पीठ कशाने चाळता. मी लाकडी पाट आणि लाकडी चमचे बदलले होते, जुना, चरे पडलेला तवा टाकून दिला होता, पण पिठाची चाळणी धातूची आहे आणि रोज धुतली जाते म्हणून तिच्याकडे माझे लक्षच गेले नव्हते. घरातील इतरांचे गव्हाचे पीठ आणि माझे तांदळाचे पीठ वर्षभर एकाच चाळणीतून चाळले जात होते. घरी येऊन ती उजेडात धरली, तेव्हा जाळी आणि कडेची पट्टी जिथे जुळतात तिथे वाळलेल्या पिठाची रेघ स्पष्ट दिसली. आहारात काहीही न बदलता मी केवळ चाळणी वेगळी केली. सहा महिन्यांनंतरच्या तपासणीत प्रतिपिंडे सामान्य आली.

तेव्हापासून माझ्या काही सवयी पक्क्या झाल्या आहेत. जाळीची, भोकांची आणि लाकडाची प्रत्येक वस्तू माझी वेगळी असते आणि तिच्यावर रंगीत पट्टी चिकटवलेली असते. माझे डबे नेहमी सर्वांत वरच्या फळीवर असतात, कारण पीठ खाली सांडते, वर चढत नाही. माझे जेवण आधी शिजते, इतरांचे नंतर. लोणी आणि मुरंबा यांच्या बरण्या मी कोणाशीही वाटून घेत नाही, कारण पावाला लावून आलेली सुरी पुन्हा बरणीत जातेच. गव्हाचे पीठ मळले गेले असेल तेव्हा ओटा साबणाच्या पाण्याने धुऊनच मी पुढचे काम करते. जंतुनाशक फवाऱ्याने पुसल्यास जंतू मरतात, ग्लूटेन तिथेच राहते. भाजल्याने किंवा उकळल्याने ते निरुपद्रवी होत नाही, आणि ज्या तेलात गव्हाचे पदार्थ तळले गेले त्या तेलात तळलेला बटाटा ग्लूटेनमुक्त राहत नाही. हे सगळे करायला मला आता दिवसातली दहा मिनिटेही जास्त लागत नाहीत. सुरुवातीला हे जाचक वाटते म्हणून ‘जमेल तेवढे पाळू’ म्हणणाऱ्यांना मी कळकळीने विनंती करते की पहिले तीन महिने तरी पूर्ण पाळावे. अर्धवट पथ्याने निर्बंधांचा सगळा त्रास सोसावा लागतो आणि आतडे मात्र भरून येत नाही.

बरे वाटणे म्हणजे बरे होणे नव्हे, ही गोष्ट वैद्यकालाही फार उशिरा कळली. १९२४ साली सिडनी हास या अमेरिकन डॉक्टरांनी सिलियाकच्या मुलांना केळ्यांचा आहार दिला आणि मुले सुधारली. सुधारण्याचे कारण हे होते की त्या आहारात गहू नव्हता. पण श्रेय केळ्यांना गेले, आणि प्रकृती सुधारल्यावर मुले पुन्हा गव्हाकडे वळत राहिली. गव्हाचा खरा दोष विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी दाखवून दिला. त्यांना संशय आधीपासून होता, १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात पावाचा तुटवडा असताना त्यांचे रुग्ण सुधारलेले पाहून तो बळावला, आणि १९५० साली त्यांनी त्यावर प्रबंध सादर केला.

वेष्टनावरील मजकूर अर्धवट वाचणे

‘गहूमुक्त’ म्हणजे ग्लूटेनमुक्त नव्हे. त्यात जव किंवा राय असू शकते. माल्ट बहुतेक वेळा जवापासून बनतो. साध्या सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. बकव्हीट या धान्याच्या इंग्रजी नावात गहू असला तरी त्याचा गव्हाशी संबंध नाही. ओट बहुतेकांना सोसतात, पण शेतात आणि गिरणीत त्यांत गहू व जव मिसळतात, म्हणून ग्लूटेनमुक्त असे प्रमाणित केलेलेच घ्यावेत, आणि तेही प्रकृती स्थिरावल्यावर, डॉक्टरांना सांगून. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकानुसार ग्लूटेनमुक्त म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत. अगदी या मर्यादेइतके ग्लूटेन असलेल्या अर्धा किलो अन्नातून १० मिलिग्रॅम ग्लूटेन पोटात जाते, हे लक्षात ठेवले की मर्यादेचा अर्थ कळतो. नेहमीच्या पदार्थाचे वेष्टनही मी प्रत्येक वेळी नव्याने वाचते, कारण कृती न सांगता बदलते.

ग्लूटेन पचवून टाकण्याचा दावा करणाऱ्या गोळ्यांच्या भरवशावर गव्हाचे काहीही खाऊ नये.

एकाच वेळी सगळे बंद करणे

नवे रुग्ण गव्हाबरोबर दूध, अंडी, सोया आणि डाळी एका दिवसात सोडतात, आणि महिन्याने बरे वाटले तर ते कशामुळे हे त्यांना सांगता येत नाही. दुधाचे उदाहरण घ्या. लॅक्टोज ही दुधातील साखर पचवणारे लॅक्टेज हे एन्झाइम रसांकुरांच्या टोकाशी असते. रसांकुर झिजले की लॅक्टेजही घटते आणि दूध सोसेनासे होते. ही अवस्था बहुधा तात्पुरती असते. आतडे भरून आले की दूध पुन्हा सोसू लागते. ज्यांना लॅक्टोज कायमचेच पचत नाही, त्यांतील बहुतेकांनाही १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे साधारण एक कप दूध, एका वेळी फारसा त्रास न होता चालते. दही आणि मुरवलेले चीज तर आणखी सोपे जाते. दुधाची ॲलर्जी मात्र अगदी निराळी आहे. ती दुधातील प्रथिनांची असते, आणि तिथे कमी प्रमाणाचा हिशेब धोक्याचा ठरतो.

ज्यांच्या सिलियाकच्या तपासण्या योग्य रीतीने होऊन निर्दोष आल्या आहेत, तरी गव्हाने पोट फुगते, त्यांनी फ्रुक्टानचा विचार करावा. ही गव्हातील, कांद्यातील आणि लसणातील कर्बोदके आहेत, आणि अनेकांच्या बाबतीत ग्लूटेनवर घेतलेला आळ खरा त्यांचा असतो. मी अशांना वही आणि सबुरी या दोनच गोष्टी सुचवते : एक पदार्थ काही आठवडे बंद, मग तोच ठरावीक प्रमाणात परत, रोजची नोंद, आणि त्यानंतरच दुसरा पदार्थ. पुन्हा सुरू करून पाहण्याची पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग वर्षानुवर्षे विनाकारण अर्धे ताट सोडून जेवतात. शेकडो पदार्थांची यादी देणाऱ्या आयजीजी चाचण्यांवर पैसे घालवू नयेत. आयजीजी प्रतिपिंडे आपण तो पदार्थ खात आलो आहोत एवढेच दाखवतात.

पाठपुरावा सोडून देणे

पथ्य जमले की तपासण्या थांबवणे हेही मी वारंवार पाहते. प्रौढांचे आतडे भरून यायला दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो. लोह, फोलेट, बी१२, ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनता यांकडे त्या काळात लक्ष ठेवावे लागते. तयार ग्लूटेनमुक्त पदार्थांत तंतू बहुधा कमी असतात, म्हणून केवळ त्यांवर भागवू नये.

आई-वडील, भावंडे आणि मुले यांना सिलियाक असण्याची शक्यता साधारण दहात एक असते. माझ्या निदानानंतर माझ्या धाकट्या बहिणीनेही खबरदारी म्हणून गहू सोडण्याचे ठरवले होते. मी तिला तपासणी होईपर्यंत नेहमीचेच जेवण चालू ठेवायला लावले. कसलाही त्रास नसताना तिची प्रतिपिंडे वाढलेली निघाली, आणि पुढच्याच महिन्यात बायोप्सीने निदान पक्के झाले.