आठवणीची सोनोग्राफी करायला जाताय? या चुका टाळा

पहिल्या खेपेला मी बाविसाव्या आठवड्यात गेले. न्यू जर्सीतल्या आमच्या घराजवळ दुकानांच्या रांगेत पोटातल्या बाळाचे फोटो-व्हिडिओ हौसेखातर काढून देणारा एक स्टुडिओ होता, काचेवर बाळाच्या हसऱ्या चेहऱ्याचं मोठं पोस्टर. सकाळचे अकरा वाजले होते. साताऱ्याला रात्रीचे साडेआठ, आई जेवण आटोपून व्हिडिओ कॉलवर बसलेली. बाळाची पाठ आमच्याकडे होती. बऱ्याच खटपटीनंतर चेहरा दिसला, तर गाल बसलेले आणि डोळ्यांच्या जागी खोल काळे खड्डे. आई काहीच बोलली नाही. कॉल बंद करायच्या आधी तिनं हळूच विचारलं, "सगळं नीट आहे ना गं?" त्या प्रश्नापायी मी दोन रात्री झोपले नाही. बाळ ठणठणीत होतं. चूक आमच्या तयारीत होती.

घरापासून इतक्या लांब बाळंतपण करणाऱ्या मुलींना ही सोनोग्राफी का हवीशी वाटते, ते मला पक्कं ठाऊक आहे. डोहाळजेवणाला आई नसते, पोटावर हात ठेवायला सासूबाई नसतात. निदान पडद्यावर तरी त्यांना नातवंड बघू दे, असं वाटतं. म्हणून "जाऊ नका" एवढंच सांगून मी गप्प बसणार नाही. पण जायचंच ठरवलं असेल, तर या गोष्टी आधी वाचा.

ही तपासणी नाही

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती शिकलेल्या मुलीही करतात. स्टुडिओत चेहरा दिसला, ठोके ऐकू आले, म्हणजे बाळ सुखरूप आहे, असं धरून चालतात. स्टुडिओ फक्त फोटो काढतो. हृदयाचे कप्पे, मणका, मूत्रपिंडं, वार (प्लॅसेंटा) कुठे आहे, गर्भजल किती आहे, हे सगळं 18 ते 22 आठवड्यांच्या वैद्यकीय सोनोग्राफीत पाहतात आणि त्याचा अहवाल डॉक्टर वाचतात. ती झालेली नसताना स्टुडिओत जाऊच नका. डॉक्टरांकडे नियमित तपासणी चालू असल्याची खात्री केल्याशिवाय आत न घेणारे स्टुडिओ असतात. जो विचारतसुद्धा नाही, तिथून मी तरी परत फिरेन.

अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे अन्न आणि औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, केवळ आठवणीसाठी सोनोग्राफी करू नका असा उघड सल्ला दिला आहे. ध्वनिलहरींनी शरीरातल्या पेशी किंचित तापतात, काही वेळा सूक्ष्म बुडबुडेही तयार होऊ शकतात. त्यानं बाळांना अपाय झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण लांबच्या काळात काय होतं हे कळलेलं नाही. म्हणून गरज असेल तेव्हाच, प्रशिक्षित माणसाकडून आणि शक्य तितका कमी वेळ, हा नियम. कनेक्टिकट राज्यानं तर 2009 साली अशा हौशी सोनोग्राफीवर कायद्यानंच बंदी आणली.

यावर माझं मत असं. आधी तुमच्या नेहमीच्या सोनोग्राफीच्या वेळीच विचारा, "एक चेहऱ्याचा फोटो मिळेल का?" पुष्कळ ठिकाणी आनंदानं देतात, आणि तेवढ्यावर भागत असेल तर स्टुडिओची गरजच नाही. जायचंच असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालून, एकदाच, आणि पंधरा-वीस मिनिटांचं साधं पॅकेज घेऊन जा. दर महिन्याला एक भेट असलेली मोठी पॅकेजेस घेऊ नका. मशीन कोण चालवणार आहे, तेही विचारा. आरडीएमएस ही सोनोग्राफरची नोंदणी असलेली व्यक्ती असेल तर उत्तम.

आणि हे ठळक अक्षरांत लिहून ठेवा: बाळाची हालचाल कमी वाटली, रक्त दिसलं, पाणी गेल्यासारखं वाटलं, तर स्टुडिओची वेळ घ्यायची नाही. थेट हॉस्पिटलला फोन करायचा, मध्यरात्र असली तरी. घरी ठोके ऐकायचं छोटं यंत्र विकत मिळतं, त्यावरही विसंबू नका. त्यात स्वतःच्या नाडीचा किंवा वारेतल्या रक्तप्रवाहाचा आवाज बाळाचे ठोके समजून निश्चिंत राहण्याचा धोका असतो.

"सातवा लागला" म्हणजे नेमके किती आठवडे?

आपल्याकडे महिने मोजतात, इथे आठवडे. घरी "पाचवा सरला, सहावा लागला" असा हिशोब चालू असतो आणि त्यावरून मुली वेळ ठरवतात. माझंही तसंच झालं. बाविसाव्या आठवड्यात बाळाच्या कातडीखाली चरबी फारशी साठलेली नसते. त्यामुळे थ्री-डी चित्रात हाडं पुढे येतात, गाल बसलेले दिसतात. आईनं पाहिलेला "अशक्त" चेहरा तो हाच.

चेहऱ्यासाठी बरा काळ साधारण 26 ते 31 आठवड्यांचा. तोवर गाल भरायला लागतात आणि बाळाभोवती पाणीही पुरेसं असतं. बत्तिसाव्यानंतर जागा दाटत जाते, बाळ डोकं खाली घालून हनुवटी छातीला टेकवतं, चेहरा गर्भाशयाच्या भिंतीला चिकटतो. जुळी असतील तर आणखी थोडं आधी जाणं बरं. आठवडे मात्र डॉक्टरांनी पहिल्या सोनोग्राफीवरून ठरवलेल्या तारखेनं मोजा. पाळी अनियमित असेल तर घरच्या हिशोबात सहज दोन-तीन आठवड्यांचा फरक पडतो.

पाणी, पेढा आणि लघवी

गावाकडून सल्ला येतो: "लघवी कोंडून जा, तरच दिसतं." हे सुरुवातीच्या आठवड्यांतल्या सोनोग्राफीसाठी सांगतात, तेव्हा गर्भाशय ओटीपोटात खाली असतं. सातव्या महिन्यात त्याची गरज नसते. उलट तट्ट मूत्राशयानं तुम्हीच अर्ध्या वेळात कासावीस होता. जाऊन या आणि मगच झोपा.

पाण्याचं मात्र खरं आहे. गर्भजलातून ध्वनिलहरी सहज जातात, त्यामुळे चेहऱ्यासमोर पाण्याचा थर असेल तर चित्र स्पष्ट येतं. म्हणून आधीचे चार-पाच दिवस वेळच्या वेळी पाणी प्या. निघताना घाईघाईत दोन लिटर ढोसण्यात अर्थ नाही.

बाळ हलावं म्हणून गोड खाऊन या, असं स्टुडिओत सांगतात. इथे जरा थांबा. 24 ते 28 आठवड्यांत ग्लुकोजची चाचणी होते आणि आपल्या भारतीय बायकांमध्ये गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण जास्त आहे. चाचणीचा निकाल यायच्या आत ज्यूसचा मोठा ग्लास आणि वर दोन पेढे, हे बाळासाठी काही चांगलं नाही. तासभर आधी नेहमीचं खाणं खाऊन जा. पोहे, उपमा, एखादं फळ पुरे. बाळ झोपलेलं असेल तर झोपू द्या. त्याची झोप बहुधा वीस ते चाळीस मिनिटांची असते.

कपड्यांबद्दल एवढंच, की लांब वनपीस नको. कुर्ती आणि सैल सलवार, किंवा टॉप आणि पँट, म्हणजे पोटच तेवढं उघडं करता येतं.

चित्र नीट येत नाही तेव्हा

वार पुढच्या भिंतीवर असली की बाळ तिच्यात उशीसारखं तोंड खुपसून बसतं. माझ्या दोन्ही खेपांना तसंच होतं. तुमच्या वैद्यकीय अहवालात वारेची जागा लिहिलेली असते. ती आधीच पाहून ठेवा, म्हणजे तिथे गेल्यावर हिरमोड होत नाही. हात तोंडावर असतो, नाळ आडवी येते, कधी पाऊल कपाळाला लागलेलं असतं. अशा वेळी कुशीवर वळा. उठून दहा मिनिटं फेऱ्या मारा. एकदा खोका. बहुतेकदा एवढ्यानं बाळ जागा बदलतं.

नाही बदलली तर तिथेच थांबा, हे मी आवर्जून सांगते. पैसे भरलेत म्हणून पाऊण तास, तास पोटावर प्रोब दाबत राहू देऊ नका. जोरानं ढोसणं, पोट हलवणं चालू झालं तर "पुरे" म्हणायचा हक्क तुमचा आहे. दुसऱ्या दिवशी फुकट बोलावतात, पण फुकट असलं तरी बाळावर पडणाऱ्या लहरी दुप्पटच होतात. दुसऱ्या खेपेला आम्हाला फक्त एक कान आणि अर्धा गाल मिळाला. तो फोटो आईच्या देवघराशेजारी आहे.

उताणं झोपल्यावर गरगरलं, घाम फुटला, मळमळलं, तर संकोच न करता सांगा आणि डाव्या कुशीवर वळा. भरल्या पोटाचं वजन पाठीलगतच्या मोठ्या शिरेवर येतं आणि हृदयाकडे जाणारं रक्त कमी होतं, त्यामुळे असं होतं. पाठीखाली एका बाजूला उशी घेतली की फरक पडतो.

रंग, नाक आणि नसलेली बोटं

फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर पडला की पहिलं वाक्य येतं, "गोरं आहे हो!" किंवा त्याहून दुःखाचं, "सावळं वाटतंय." मैत्रिणींनो, सोनोग्राफीत उजेड नसतोच, असतो फक्त आवाज. आवाज आदळून परत येतो आणि त्यावरून यंत्र पृष्ठभागाचा आकार रचतं. तो सोनेरी-गुलाबी रंग सॉफ्टवेअरनं चढवलेला असतो. बटण फिरवलं की तेच बाळ निळं किंवा राखाडी दिसेल. सावल्यासुद्धा यंत्रानं मानलेल्या दिव्याच्या असतात. बाळाच्या कातडीच्या रंगाबद्दल त्या फोटोत काडीचीही माहिती नाही. हे फोटो पाठवायच्या आधी लिहा, मागून नाही. न जन्मलेल्या लेकराचा रंग आपण ठरवत बसतो, याचा मला फार त्रास होतो.

आकाराचंही तसंच. नाक भिंतीला दाबलं गेलं की बसकं दिसतं. हाताची सावली ओठावर पडली की ओठ फाटल्यासारखा वाटतो. पाऊल चित्राच्या चौकटीबाहेर गेलं की बोटं नाहीत असं वाटतं. मी पाहिलेले ते डोळ्यांचे खड्डेही अशाच सावल्या होत्या. स्टुडिओतली व्यक्ती अचानक गप्प झाली तरी त्यातून अर्थ काढू नका. तिला निदान सांगायचा अधिकार नाही आणि बहुधा ती फक्त कोन शोधत असते. मन शांत होत नसेल तर फोटो घेऊन आपल्या डॉक्टरांना दाखवा. इंटरनेटवर त्याच्यासारखे फोटो शोधत रात्र काढू नका.

भारतात गेल्यावर हे मागू नका

बाळंतपणाला माहेरी जाणाऱ्या मुली तिथल्या सोनोग्राफी सेंटरमध्ये "बाळाचा व्हिडिओ काढून द्या, अमेरिकेत देतात" असं म्हणतात, आणि डॉक्टर कडक आवाजात नाही म्हणाले की दुखावतात. डॉक्टरांचं बरोबर असतं. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या 1994 च्या कायद्यानुसार तिथे गरोदर बाईची सोनोग्राफी ठरलेल्या वैद्यकीय कारणांसाठीच करता येते. प्रत्येक वेळी एफ फॉर्म भरावा लागतो, त्यात कारण लिहावं लागतं. "आठवण" हे कारण त्यात नाही. असा कायदा देशात सगळ्यात आधी महाराष्ट्रानं 1988 मध्ये केला. तरीही 2011 च्या जनगणनेत राज्यात शून्य ते सहा वर्षं वयाच्या हजार मुलग्यांमागे 894 मुली होत्या, आणि बीड जिल्ह्यात 807. सेंटरच्या भिंतीवरची "इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही" ही पाटी अशा आकड्यांमुळे लागलेली आहे.

म्हणून इथून नेलेला फोटो तिथल्या डॉक्टरांपुढे ठेवून "मुलगा की मुलगी?" असं विचारू नका, गमतीनंसुद्धा. त्यांनी सांगितलं तर तो त्यांचा गुन्हा, आणि घरच्यांनी सांगायला लावलं तर घरच्यांचाही. इथल्या स्टुडिओत लिंग सांगतात. ते कळवायचं की नाही, कुणाला कळवायचं, हे नवरा-बायकोनं जायच्या आधी ठरवून ठेवा. कॉलवर वीस नातेवाईक असताना स्टुडिओतली बाई सहज बोलून जाते आणि पलीकडे कुणाचा तरी चेहरा उतरतो. तो उतरलेला चेहरा होणाऱ्या आईच्या मनातून जात नाही. मी त्या कॉलवर फक्त दोघांना घेईन: माझी आई आणि सासूबाई. काही घरांत जन्माआधी तोंड पाहू नये असं मानतात. तशा आजीला आग्रह करून पडद्यासमोर बसवू नका.

फोटो घरी आल्यावर

स्टुडिओत किंवा दवाखान्यात हातात मिळणारा गुळगुळीत काळा-पांढरा कागद थर्मल असतो. तो उष्णतेनं छापला जातो, आणि उष्णतेनंच बिघडतो. आमच्या एका शेजारणीनं हौसेनं लॅमिनेशन करून घेतलं, फोटो मशीनमधून पूर्ण काळा होऊन बाहेर आला. गाडीच्या डॅशबोर्डवर, फ्रिजवर उन्हाच्या तिरिपेत, देवघरातल्या समईजवळ ठेवू नका. घरी आल्याबरोबर मोबाइलनं त्याचा स्वच्छ फोटो काढा आणि साध्या फोटोपेपरवर प्रत छापून घ्या. पेन ड्राइव्हमधला व्हिडिओ तिथेच एकदा उघडून पाहा, नंतर दुसरीकडेही जतन करा.

फोटोच्या कडेला तुमचं पूर्ण नाव, जन्मतारीख, कधी रुग्ण क्रमांकही छापलेला असतो. ग्रुपवर टाकण्याआधी ती पट्टी कापा. आजीला पोस्टानं पाठवायची प्रत मात्र कापू नका. मागच्या बाजूला पेन्सिलीनं तारीख आणि आठवडा लिहा, आणि पाकिटात दोन जाड पुठ्ठे घाला. माझ्या आईला आलेल्या पहिल्या पाकिटात पुठ्ठा नव्हता, बाळाच्या कपाळावरून घडी गेली होती.