मोठ्या फिशटँकसाठी पंप घेताय? विजेचं बिल वाढवणाऱ्या या चुका टाळा

फिशटँकचा पंप रात्रंदिवस, बारा महिने चालतो. घरातला फ्रिजसुद्धा मधूनमधून थांबतो, पंपाला ती सवलत नसते. त्यामुळे पंपाचा एकेक वॅट वर्षाला ८.७६ युनिटं खातो. ४० वॅटचा पंप म्हणजे वर्षाला साधारण ३५० युनिटं आणि २० वॅटचा म्हणजे १७५. पाच वर्षांत हा फरक पावणेनऊशे युनिटांच्या घरात जातो. तरीही पंप घेताना बहुतेक जण फक्त किंमत आणि ताशी लिटर एवढंच बघतात.

खोक्यावरचा आकडा खरा धरणं

खोक्यावर 'ताशी ४००० लिटर' असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. तो आकडा शून्य उंचीवरचा, म्हणजे पाणी अजिबात वर चढवायचं नसताना मिळणारा. शेजारी बारीक अक्षरात 'कमाल उंची ३ मीटर' असं काहीतरी असतं. त्याचा अर्थ तीन मीटरवर पंप भरपूर पाणी देतो असा नाही. त्या उंचीवर पाणी येणंच थांबतं. तुमची गरज या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते, म्हणून माहितीपत्रकातला उंची आणि प्रवाहाचा आलेख शोधा. तो दिलेलाच नसेल, तर मी तरी तो पंप घेणार नाही.

उंची मोजतानाही गफलत होते. टँकखालच्या सम्पमध्ये (टँकमधलं पाणी उतरून जिथे येतं ती खालची टाकी) पंप किती खोल बसवलाय, याने फरक पडत नाही. सम्पमधल्या पाण्याच्या पातळीपासून वरच्या टँकच्या पातळीपर्यंत मोजा. कॅनिस्टर फिल्टरला (टँकबाहेरचा, पाइपांनी जोडलेला बंद डबा) तर ही उंची जवळजवळ लागूच होत नाही, कारण खाली उतरणारं पाणी वर चढणाऱ्या पाण्याचा भार तोलून धरतं. तिथे अडथळा असतो तो फिल्टरमधल्या स्पंजचा आणि पाइपांचा.

'असू दे थोडा मोठा, व्हॉल्व्हने कमी करू'

ही चूक मी स्वतः दोन वर्षं केली. १५० × ६० × ६० सेंटिमीटरच्या टँकचं माप ५४० लिटर भरतं. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी साडेचारशे लिटरच्या आसपास उरतं. सम्पमधून ते तासाला चार-पाच वेळा फिरलं तरी पुरतं, म्हणजे ताशी साधारण २००० लिटर. मी मात्र दांडगा पंप आणला आणि व्हॉल्व्ह अर्धा बंद करून ठेवला. वाटलं होतं, पाणी निम्मं म्हणजे वीजही निम्मी. एक दिवस सॉकेटमध्ये लावायचा वॅटमीटर आणून बघितलं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना ६२ वॅट, अर्धा बंद असताना ५५. पुढे २४ वॅटचा पंप बसवला. दहा लिटरची बादली भरायला पूर्वीसारखेच १८ सेकंद लागले, म्हणजे बरोबर ताशी २००० लिटर.

२००० लिटर पाणी तासाभरात दीड मीटर चढवायला प्रत्यक्षात जेमतेम ८ वॅटचं काम होतं. पंप ४० वॅट घेत असेल, तर बाकीची वीज कुठे जाते? पाण्यात बुडवून ठेवलेला पंप ती जवळपास सगळी उष्णता करून पाण्यातच सोडतो. उन्हाळ्यात टँक थंड ठेवायची धडपड करणाऱ्यांनी हे आधी बघावं.

समुद्री प्रवाळांच्या टँकला प्रवाह खूप लागतो हे खरं. पण तो रिटर्न पंपाकडून, म्हणजे सम्पमधलं पाणी वर चढवणाऱ्या पंपाकडून, मागू नका. टँकच्या आतच पाणी ढकलणारा वेव्हमेकर लावा. त्याला पाणी वर चढवायचं नसतं, म्हणून थोड्या वॅटमध्ये तो पुष्कळ पाणी हलवतो.

डीसी पंप म्हणजे बचत, असं गृहीत धरणं

डीसी पंप म्हणजे ॲडॉप्टरवर चालणारा पंप. त्याचा वेग कमी करता येतो, हा त्याचा मोठा गुण. वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज ढोबळमानाने निम्म्यावर येते. पण पाणी चढवायचं असेल तर वेग कमी करताना प्रवाह त्याहून झपाट्याने घसरतो, आणि फारच कमी केला तर पाणी वर पोचतच नाही. तेव्हा तुमच्या उंचीवर, तुम्हाला हव्या त्या प्रवाहाला किती वॅट लागतात, तेवढंच विचारा. मोजणीही ॲडॉप्टरसकट, भिंतीतल्या सॉकेटवरच करा.

पाइपात काटकसर

पंपाचं तोंड २० मिलिमीटरचं आहे म्हणून पाइपही २० चाच घ्यायचा, असं काही नाही. तोंडापासूनच आतून २५ मिलिमीटरचा पाइप घेतला, तर तेवढ्याच प्रवाहाला घर्षणाचा तोटा साधारण एक तृतीयांशावर येतो. काटकोनी एल्बोंऐवजी जमेल तिथे मऊ वळणं द्या. अडवायचंच असेल तर पाणी बाहेर जाण्याच्या बाजूला अडवा. पंपाचं शोषणारं तोंड कधीही आवळू नका.

पाणी कमी झालं की नवा पंप

आधी जुना उघडून बघा. इम्पेलर (पाणी ढकलणारं आतलं चक्र) बाहेर काढून बोट फिरवलं तर चुंबकावर बुळबुळीत थर लागतो आणि दांड्याजवळ पांढरा, खरखरीत क्षार साचलेला दिसतो. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पाणी मिसळून त्यात भिजत ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा आणि स्वच्छ धुऊन परत बसवा. बहुतेक वेळा प्रवाह पूर्ववत होतो. मी पंप नवा असतानाची बादलीची वेळ सम्पच्या काचेवर चिकटपट्टीवर लिहून ठेवली आहे. दर दोन-तीन महिन्यांनी ताडून बघतो. वेळ वाढली की साफसफाई.

वीज वाचवायला रात्री टायमरने पंप बंद करणं मात्र कधीही नको. फिल्टरमधल्या जिवाणूंना सतत ऑक्सिजन लागतो. काही तास बंद राहिलेला कॅनिस्टर पुन्हा सुरू झाला की आतलं कुजकं पाणी थेट माशांवर येतं.

पंप बसवल्यावर शेवटची एक चाचणी करा. तो मुद्दाम बंद करा आणि वरून उलटं येणारं पाणी सम्पमध्ये मावतं का, ते उभं राहून बघा. काठोकाठ येत असेल तर पंप चालू असताना सम्पची पातळी किती असावी, याची खूण करून ठेवा आणि पाणी भरताना त्या खुणेच्या वर जाऊ नका.