रेषा वर गेली, पण कशामुळे?

सिनेमाच्या आधी आणि मध्ये ३० सेकंदांच्या तंबाखूविरोधी जाहिराती लागतात. त्या बघताना माणसाच्या अंगात काय होतं, हा माझा पीएचडीचा विषय. त्यासाठी हृदयाचे ठोके, तळहाताचा घाम आणि भुवईच्या स्नायूची हालचाल मोजतात, त्वचेवर इलेक्ट्रोड, म्हणजे विजेचे सिग्नल टिपणाऱ्या छोट्या चकत्या, चिकटवून. या कामात तुम्ही नव्याने येत असाल, तर मी कुठे फसले तेवढं सांगते.

घाम उशिरा बोलतो. पडद्यावर काही घडलं की साधारण १ ते ३ सेकंदांनी त्वचेची वाहकता (घामामुळे त्वचेतून वीज किती सहज जाते ते) वाढायला लागते, शिखर त्याच्याही नंतर. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, तरी आलेख समोर आल्यावर विसरले. एका जाहिरातीत १२व्या सेकंदाला तोंडाच्या कर्करोगाचं दृश्य होतं, १५व्याला मदतीचा फोन नंबर. शिखर १५व्यापाशी दिसलं आणि मी लिहून मोकळी झाले की नंबर बघून लोक हलतात! ते शिखर दृश्याचं होतं. त्यात व्हिडिओ सुरू झाल्याची नोंदीतली खूण मी हाताने बटण दाबून करत होते. कुणाच्या वेळी अर्धा सेकंद उशीर, कुणाच्या वेळी जास्त. उशीर एकसारखा असता तर वजा करता आला असता. दीड महिन्याच्या सगळ्या नोंदी बाद झाल्या. त्या रात्री मी रडले.

मग प्रत्येक दृश्याच्या सुरुवातीला पडद्याच्या कोपऱ्यात पांढरा चौकोन टाकला, तिथे प्रकाशाचा सेन्सर चिकटवला आणि त्याची वायर घाम मोजणाऱ्या यंत्राच्याच एका रिकाम्या चॅनेलला जोडली. दृश्य आणि घाम एकाच घड्याळावर आले. पहिला माणूस खुर्चीत बसण्याआधी हे करा. नंतर तुमचा डेटा कुणीही वाचवू शकत नाही.

ही युक्ती गाईडनी नाही, लॅबमधल्या दादांनी सांगितली. मोठ्या नावाच्या गाईडमागे धावण्यापेक्षा रोज यंत्राला हात लावणारा माणूस गाठा, असं माझं ठाम मत आहे. शिखरं आपोआप मोजणाऱ्या सॉफ्टवेअरवर मी आजही विसंबत नाही. आणि ईसीजीचं जेल तळहाताला लावू नका, त्यात मीठ फार असतं, आकडे फुगतात.

ठोके मंदावलेले दिसले तर मात्र घाबरू नका. नवं काही दिसलं की लक्ष तिकडे वळतं आणि काही सेकंद ठोके खाली येतात. इंडियाना विद्यापीठाच्या ॲनी लँग यांनी माध्यमांच्या अभ्यासात यावर भरपूर काम केलंय. मी मात्र आठवडाभर यंत्र बिघडलंय असं समजत होते. घामाचं शिखर उंच म्हणजे जाहिरात आवडली, असंही नाही. भीतीनेही तळहात ओला होतो, आनंदानेही. कपाळाला आठी पडली का, हे भुवईचा स्नायू सांगतो, म्हणून तो सोबत हवाच.

पहिल्या दिवशी इलेक्ट्रोड स्वतःच्या हाताला लावा, पाच-दहा मिनिटं शांत बसा, मग एक खोल श्वास घ्या आणि सेकंद मोजा. रेषा लगेच हलणार नाही. थांबा, चढेल.